पाण्याचा ठाव : कयाक आणि जिग यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गळाने मासे धरणाऱ्याला दोन प्रश्न कायम पडतात : मासा कुठे आहे आणि तो काय खाईल. तरंड्याखाली आमिष लावून गळ सोडणारा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमिषावर सोपवतो आणि पहिल्याचे बऱ्याच अंशी धीरावर. जिग वापरणाऱ्याला ही सोय नसते. जिग म्हणजे शिशाचे किंवा टंगस्टनचे वजन अंगावरच असलेला गळ. त्याला वास नाही, चव नाही, स्वतःची हालचालही नाही. हात हलला तर तो हलतो, हात थांबला तर तो खाली जातो. मासा ज्या थरात आहे त्या थरात तो पोचला आणि तिथे एखाद्या जिवासारखा वागला, तरच मासा त्याच्याकडे वळतो. त्यामुळे जिगने मासेमारी करणाऱ्याला पाण्याची खोली, तळाचा पोत, वाऱ्याची दिशा आणि माशाची सवय या चार गोष्टी एकत्र समजून घ्याव्या लागतात. कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीत, बसून हे करायचे म्हटले की पाचवी गोष्ट येते : आपण स्वतः त्या पाण्यावर किती स्थिर आहोत.

पुढील प्रकरणे या पाच गोष्टींची आहेत. जिगने केलेल्या मासेमारीकडे मी पाण्याचा ठाव घेण्याची एक रीत म्हणून पाहतो. मासा हाती लागणे हे तिचे एक फळ झाले. मासा लागला नाही त्या दिवशीही जिग टाकणारा माणूस काही ना काही जाणून घरी येतो. तळ किती खोल आहे, तो गाळाचा आहे की मुरमाचा, पाणवनस्पती कुठून सुरू होतात, धरणात बुडालेली झाडे कुठे उभी आहेत, हे सारे दोरीतून त्याच्या बोटांना कळलेले असते. विदर्भातल्या तलावांविषयीचे असे बारीक ज्ञान असंख्य हातांत विखुरलेले आहे. ते मराठीत लिहिले जावे, तपासले जावे आणि पुढच्या माणसाला मिळावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, नागपूरच्या रामदासपेठेत बसून मासेमारीवर लिहायचे कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर आसपासच्या पाण्यात आहे. अंबाझरी तलावातून निघणारी नाग नदी रामदासपेठेच्या शेजारूनच पंचशील चौकाकडे जाते. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव ही शहरातलीच तळी. रामटेकजवळ खिंडसी, उत्तरेला पेंच नदीवरचे तोतलाडोह आणि नवेगाव खैरी, आणि पूर्वेला वैनगंगेचे सारे खोरे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी ओसंडून वाहिली आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतल्या घरांत पाणी शिरले, तेव्हा शहराला आपल्या पाण्याची आठवण झाली. संकट आल्यावरच ज्याची आठवण होते, त्या पाण्याशी आपली ओळख तुटलेली असते. ती पुन्हा जोडण्याचे मार्ग अनेक आहेत. छोट्या होडीत बसून हातात दोरी धरणे हा त्यांतला एक, आणि माझ्या मते फार चांगला, मार्ग आहे.

नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. कोहळी समाजाने जमिनीचा उतार ओळखून, पाळ घालून, एकाखाली एक असे तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर धानाची शेती उभी केली. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव हे या कौशल्याचे सर्वांत परिचित उदाहरण. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांची व्यवस्था, संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पुढे मासेमारीचे हक्क ठेक्याने मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे येऊ लागले. आज या तलावांतून मासे काढणारा माणूस बहुधा अशा एखाद्या संस्थेचा सभासद असतो. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने ही पार्श्वभूमी आधी लक्षात घ्यावी. आपण ज्या पाण्यावर कयाक सोडतो ते कोणाच्या तरी चुलीचे पाणी आहे.

तलावाचे पाणी वरून खालपर्यंत एकसारखे नसते, ही गोष्ट मत्स्यशेती करणाऱ्याला सांगावी लागत नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून तिघांचे बीज एकत्र सोडले तर तलावाची सारी खोली उपयोगात येते. मिश्र मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणातला हा पहिला धडा. जिगचा अभ्यास याच धड्याच्या पुढे जातो. कटला, रोहू आणि मृगळ हे प्लवक, वनस्पती आणि तळाचा कुजका भाग खाणारे मासे असल्यामुळे जिगला सहसा भुलत नाहीत. जिगला येतात ते शिकारी मासे, आणि शिकारी मासे भक्ष्याच्या मागे थर बदलत असतात. ते सकाळी कुठे असतात, दुपारी कुठे जातात, थंडीत आणि मे महिन्यात त्यांची जागा कशी बदलते, हे कळण्यासाठी कोणाला तरी त्या प्रत्येक थरात गळ घेऊन जावे लागते.

गळाने मासे धरण्याच्या विद्येला आपल्या भूमीत मोठी परंपरा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींच्या वर्णनात त्याने मत्स्यविनोद हा स्वतंत्र भाग लिहिला. त्यात मासे समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे वर्गवार दिले आहेत. कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे आणि गळाने त्याला कसे धरावे, याचेही विवेचन आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या भागावर निबंध लिहिला आणि एका मत्स्यशास्त्रज्ञाच्या नजरेने त्याची किंमत दाखवून दिली. होरांचे नाव नागपूरकरांना आणखी एका कारणासाठी जवळचे वाटावे. डोंगरी ओढ्यांत राहणारे मासे हिमालयाकडून पश्चिम घाटापर्यंत कसे पोचले असतील, या प्रश्नाला त्यांनी सातपुड्याची रांग हे उत्तर दिले. त्या उपपत्तीवर पुढे बरेच वाद झाले. तरीही आपल्या उत्तरेची ही डोंगररांग माशांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न झाली, ती त्यांच्यामुळे.

इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये आले. मद्रास इलाख्यातल्या या अधिकाऱ्याने गळाच्या मासेमारीचे तपशील दिले. भारतीय नद्यांतल्या मासेमारीवर इंग्रजीत पुढे जे लिहिले गेले, त्यावर या पुस्तकाची छाप राहिली. मात्र त्या लेखनात नदी साहेबाच्या नजरेतून दिसते आणि होडी वल्हवणारा स्थानिक माणूस बहुतेक वेळा बिननावाचाच राहतो. आपल्याला या परंपरेतून तपशिलाची शिस्त घ्यायची आहे आणि तिने वगळलेला माणूस मध्यभागी आणायचा आहे.

मराठीत हा मार्ग मारुती चितमपल्ली यांनी दाखवला. वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला असताना त्यांनी रानातल्या आणि तळ्याकाठच्या माणसांकडून पक्ष्यांची, प्राण्यांची, झाडांची नावे आणि सवयी शिकून घेतल्या आणि त्या माणसांचे ज्ञान ग्रंथांत मानाने नोंदवले. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचणाऱ्याला तलाव म्हणजे किती गोष्टींचे एकत्र नांदणे आहे हे कळते. माशांच्या बाबतीत ढीवर माणसाकडे असलेले ज्ञान असेच खोल आहे. एका माणसाचा डोंगा, हवा भरलेली ट्रकची ट्यूब किंवा थर्माकोलची जाड फळी, एवढ्यावर बसून तो तलावभर फिरतो. त्याची कंबर पाण्याच्या पातळीला असते. वाऱ्याची झुळूक आधी त्याच्या पाठीला लागते आणि मग त्याच्या जाळ्याला. परदेशी बनावटीच्या महागड्या कयाकने माणूस आणि पाणी यांतले जे अंतर मिटवायचे असते, ते त्याने कधीच मिटवलेले आहे. कयाकवर मासेमारी शिकणाऱ्याने पहिला गुरू शोधायचा तर तो इथे शोधावा.

आता प्रत्यक्ष जिगकडे येऊ. एखादा साधा जिग तळहातावर घेऊन पाहावा. शिशाचा गोल माथा गळाच्या मानेवरच ओतलेला असतो. दोरी बांधायचे नेढे नेहमीच्या गळासारखे टोकाला सरळ नसते, माथ्याच्या वरच्या बाजूने काटकोनात बाहेर आलेले असते. या एका वाकामुळे जिग पाण्यात आडवा लटकतो, त्याचा जड माथा खाली झुकतो आणि गळाचे टोक आभाळाकडे राहते. तळावरून ओढला तरी टोक दगडात किंवा गवतात अडकण्याचा संभव कमी होतो. माथ्यामागे पिसे, केस किंवा रबराच्या झालरी बांधलेल्या असतात. त्या पाण्याचा अडथळा वाढवतात, म्हणजे जिग सावकाश पडतो आणि पडताना त्यांची थरथर चालू राहते. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली कंपने टिपणारी पार्श्वरेषा असते. गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांचा उपयोग थोडा, तिथे ही थरथर माशाला जिगची वार्ता देते.

धातूची निवड हा विचार करून करण्याचा भाग आहे. शिसे पाण्याच्या ११ पटींहून थोडे अधिक जड, टंगस्टन १९ पटींहून अधिक, आणि पितळ साधारण साडेआठ पट. एकाच वजनाचा टंगस्टनचा जिग शिशाच्या जिगच्या जेमतेम ६० टक्के जागा घेतो. तो लवकर तळ गाठतो आणि टणक असल्याने मुरूम, दगड, लाकूड यांचा स्पर्श दोरीतून अधिक स्पष्ट पोचवतो. दोन ते चार मीटर खोल मामा तलावात ५ ते १० ग्रॅमचा जिग पुरतो. त्याहून जड घेतला तर तो माशाला पाहायला सवडच देत नाही. धरणाच्या १०-१५ मीटर पाण्यात वारा असेल तर २० ते ४० ग्रॅम लागतात. वजन नेहमी गरजेपुरते, म्हणजे तळ हाताला लागेल इतकेच घ्यावे.

जिगवर मासा बहुधा केव्हा येतो? जिग वर उचलताना क्वचित, खाली पडताना अधिक वेळा. घायाळ मासळी पोहण्याचा प्रयत्न करते आणि पुन्हा खाली घसरते. शिकारी माशाला ती घसरण ओळखीची असते. पडताना दोरी सैल असते, त्यामुळे हाताला झटका जाणवेलच असे नाही. यावर जुन्या जाणत्यांचा उपाय म्हणजे मोजणे. जिग पाण्यात सोडल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजावेत. समजा तळ १२ आकड्यांवर आहे. पुढच्या वेळी दोरी आठवरच थांबली, किंवा बाजूला सरकू लागली, तर जिग तळाला पोचलेला नाही. मध्येच कोणीतरी तो घेतला आहे. त्या क्षणी हात उचलायचा. आणि आठ हा आकडा वहीत लिहून ठेवायचा, कारण त्या दिवशी, त्या वेळी मासा कोणत्या थरात होता याची ती नोंद आहे. अशा नोंदी साठत गेल्या की तलावाचा एक उभा नकाशा तयार होतो.

या मोजणीला कयाक मदत करते आणि अडथळाही आणते. मदत अशी की होडी थेट जागेच्या वर नेता येते आणि जिग सरळ खाली सोडता येतो. काठावरून फेकलेला जिग तिरपा ओढत आणावा लागतो. होडीतून सोडलेला एकाच जागी हवा तितका वेळ नाचवता येतो. अडथळा वाऱ्याचा. कयाक हलकी असते, साधारण तीन ते चार मीटर लांब, आणि मंद वाऱ्यानेही वाहत जाते. होडी सरकली की दोरी तिरपी होते. दोरी उभ्या रेषेपासून ३० अंश कलली तर १० मीटर दोरी सोडूनही जिग ८.७ मीटरवरच असतो. ४५ अंश कलली तर जेमतेम सात मीटरवर. मोजणारा मात्र आपण दहा मीटरवर आहोत असे समजत राहतो. त्यामुळे दोरीचा कोन पाहण्याची सवय हा कयाकवरच्या जिगविद्येचा पाया आहे. कोन वाढला तर जिगचे वजन वाढवावे, नाहीतर होडीचा वेग कमी करावा. वेग कमी करण्यासाठी पाण्यात उघडणारी कापडी छत्री होडीमागे सोडतात. ती पाणी धरून ठेवते आणि होडी सावकाश, एका रेषेत सरकते.

नांगराबद्दल एक नियम इथेच सांगतो, कारण तो जिवाशी निगडित आहे. कयाकचा नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावा, मधल्या बाजूला कधीही नाही. वाहत्या पाण्यात किंवा जोराच्या वाऱ्यात बाजूला बांधलेला नांगर होडीची कड खाली ओढतो आणि होडी उलटते. अंगावर जीवरक्षक जाकीट बांधलेले असावे, नुसते होडीत ठेवलेले नको. कयाक उलटल्यावर पुन्हा तिच्यावर चढण्याचा सराव आधी कमरेइतक्या पाण्यात, जाणता माणूस सोबत घेऊन करावा. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर दुपारनंतर वीज कडाडते, तेव्हा उघड्या पाण्यावर हातात लांब रॉड धरून बसण्यासारखा धोका दुसरा नाही. ढग दिसताच काठ गाठावा.

होडीच्या हलकेपणाचा आणखी एक परिणाम होतो. मोठा मासा लागला की तो होडीच ओढू लागतो. नव्या माणसाला याची भीती वाटते, पण यात एक सोयही आहे. काठावर उभा असलेला माणूस जागचा हलत नाही, त्यामुळे माशाच्या ओढीचा सारा ताण दोरीवर येतो. कयाकमध्ये तो ताण होडीच्या सरकण्यात वाटला जातो. बारीक दोरीवरही मोठा मासा दमवता येतो, मात्र रॉड होडीच्या टोकाकडे ठेवायचा आणि बाजूला झुकायचे नाही.

आपल्या पाण्यातले जिगचे मासे कोणते? पहिला मान मरळीचा. ती पाण्यातला प्राणवायू घेतेच, शिवाय पृष्ठभागावर येऊन हवाही घेते. त्यामुळे उन्हाळ्यात आटलेल्या, कोमट, गढूळ डबक्यातही ती टिकते. ती गवताच्या कडेला दबा धरून बसते, तेव्हा तिच्यासाठी गळाचे टोक झाकलेला, गवतात न अडकणारा जिग लागतो. दुसरा पढीन, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला शिवडा : रुंद जबडा, लांब मिशा, रात्री फिरणारा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटप्रवण मानला गेला आहे, म्हणून तो लागलाच तर पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिसरा शिंगाळा, तळाशी राहणारा, पाठीच्या करवती काट्यामुळे हाताळताना जपून धरायचा. खोल धरणांत उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालचे थंड राहते. वारा दोन्ही मिसळत नसेल तर तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि तळाचे मासेही वर सरकतात. मे महिन्यात तळावर तासन्‌तास जिग नाचवूनही काही लागत नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

जगात इतरत्र या विद्येने वेगवेगळी रूपे घेतली. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर कोळ्यांनी लाकडाच्या झिंग्याला गळांची कडी लावून माकूल धरण्याचे साधन बनवले. आज कोकणच्या किनाऱ्यावर माकूल धरायला प्लॅस्टिकचा जो रंगीत झिंगा वापरतात तो त्याचाच वंशज. न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात शिशाचा मासा आणि त्याला दोन मोठे गळ, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कॉड पकडला गेला. होडीची कथाही अशीच. उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांनी हाडा-लाकडाच्या सांगाड्यावर कातडे ताणून शिकारीची अरुंद होडी घडवली; तीच मूळ कयाक. वर बसायची कयाक १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात पुढे आली. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या खडपांवर तांबोशी आणि गोबरा हे मासे धरायला छोट्या होडीतून गरी, म्हणजे गळ, सोडणारे कोळी जे करतात, ते याच कुळातले काम आहे. गोड्या पाण्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडेही जावे. खडपाचा स्पर्श आणि माशाचा स्पर्श यांतला फरक त्यांच्या बोटांना जितका कळतो तितका क्वचितच कोणाला कळत असेल.

आता मर्यादांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला परवानगी नाही; वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पेंचमधल्या तोतलाडोहाला तो लागू होतो. तिथे कयाक आणि जिग दोन्ही घरी ठेवावेत. संस्थेच्या ठेक्याच्या तलावावर जाण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी आणि ठरलेले शुल्क द्यावे. सुरुंगाने किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असे कुठे दिसले तर ते कळवणे हे हौशी माणसाचेही कर्तव्य. पावसाळा माशांच्या विणीचा काळ असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात. गोड्या पाण्यात हौशी माणसाने ही शिस्त स्वतःहून पाळावी. मरळीचे नर-मादी लालसर पिल्लांच्या थव्याखाली राखण करत फिरतात. त्या थव्यात जिग टाकला की मरळ रागाने त्याच्यावर येते आणि सहज लागते; ती गेली की पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. म्हणून पिल्लांचा थवा दिसला की होडी वळवावी.

शिशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. अन्न दळण्यासाठी खडे गिळणाऱ्या पाणपक्ष्यांच्या पोटात शिशाची छोटी वजने गेली तर त्यांना विषबाधा होते. ब्रिटनने राजहंसांच्या मृत्यूंमुळे १९८७ मध्ये गळाच्या लहान शिसवजनांवर बंदी घातली. गोंदियाच्या तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात आणि त्याच जिल्ह्यात सारस क्रौंचांच्या मोजक्या जोड्या उरल्या आहेत. तिथे टंगस्टन किंवा पोलादाचे जिग वापरण्याचा खर्च आपण सोसला पाहिजे. तुटलेली दोरी पाण्यात टाकू नये. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, कुजत नाही आणि त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. परत सोडायच्या माशासाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ एका हालचालीत निघतो.

या प्रस्तावनेपुढील प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी पाणी, मग मासा, मग होडी आणि शेवटी गळ. बाजारातल्या पुस्तकांत हा क्रम बहुधा उलटा असतो, कारण गळ आणि रॉड विकत मिळतात. पाण्याच्या प्रकरणात सेकी तबकडीचा उपयोग दिला आहे. अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली ही पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. जुन्या स्टीलच्या ताटलीला पांढरा रंग देऊन आणि मधोमध वजन बांधून ती कोणीही घरी करू शकतो. पाणी किती गढूळ आहे हे त्यातून कळते, आणि जिगचा रंग, वजन, थरथर यांची निवड त्यावरून होते. कयाकवर बसलेल्या माणसाने दर वेळी तारीख, वेळ, वारा, तबकडीची खोली, मासा कोणत्या आकड्यावर लागला आणि किती तास गळ पाण्यात होता, एवढे लिहिले तरी मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होतो. गळ किती वेळ पाण्यात होता हे माहीत असल्याशिवाय मिळालेल्या माशांच्या संख्येला अर्थ नसतो. रिकाम्या दिवसाची नोंदही तितकीच मोलाची असते.

नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेला ढीवर समाज आहे, आणि आता हौसेने कयाक घेणारी तरुण मंडळीही आहेत. या तिघांनी एका वहीत लिहायला सुरुवात केली तर विदर्भाच्या तलावांचा असा अभ्यास उभा राहील, जो एकट्या प्रयोगशाळेला किंवा एकट्या हौशी माणसाला जमणार नाही. त्यात नोंद घेणारा आणि माहिती देणारा या दोघांची नावे शेजारी-शेजारी यावीत, अशी माझी इच्छा आहे.

वाचकाला माझे सांगणे एवढेच : ही पाने वाचून झाली की लगेच कयाक विकत घेऊ नका. आधी जवळच्या तलावावर जा, तिथे मासे काढणाऱ्या माणसाला विचारा की पाणी सर्वांत खोल कुठे आहे, आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावासह लिहून घ्या. ती तुमच्या वहीतली पहिली नोंद असू द्या.

रामदासपेठ, नागपूर